आभाळाची मोजणी

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी एकच आकडा खोटा सांगितला. तो माझ्या सख्ख्या भावाला सांगितला.

मी सरकारी मोजणी खात्यात भूमापक आहे. लोकांच्या जमिनीच्या हद्दी कायम करून देणं हे माझं काम. धाकटा भाऊ लष्करी वैमानिक होता. नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो दहा दिवसांच्या रजेवर कोल्हापूरला आला. एरवी आला की दोन दिवस त्याचं तोंड बंद नसायचं. त्या खेपेला तो ताटावर बसायचा आणि भाकरीचे तुकडे करत राहायचा. आई म्हणायची, "जेवण जात न्हाय व्हय रं तुला?" तो म्हणायचा, "उकाडा हाय गं."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं.

"दादा, तुझं एक काम हाय. मोजणीचं."

मग त्याने सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी रात्रीच्या सरावाला दोन विमानं गेली होती. पुढच्या विमानात त्याचा सहकारी, तीन किलोमीटर मागे हा. मध्येच डाव्या हाताला, थोडा वर, एक दिवा दिसला. पिवळसर पांढरा, न लुकलुकणारा. विमानं जातील तसा तोही अंतर राखून बरोबर येत होता. यंत्रांवर काही नाही, खालच्या रडारवर काही नाही. असं सव्वाचार मिनिटं चाललं.

"मग गेला कुठं?" मी विचारलं.

"गेला न्हाय. लांब जाणारी वस्तू लहान होत जाते. हा लहान झालाच न्हाय. होता, आणि मग नव्हता."

सहकाऱ्याने रेडिओवर त्याला विचारलं होतं, 'तुला दिसतंय का?' भावाने उत्तर दिलं होतं, 'थांब, बघतो.' त्यापुढे तो काही बोलला नव्हता. खाली उतरल्यावर सहकाऱ्याने रीतसर अहवाल लिहिला, कोनांसकट. नियमाप्रमाणे त्याला डोळ्यांच्या आणि डोक्याच्या तपासणीला पाठवलं, आणि तपासणी होईपर्यंत त्याचं उड्डाण थांबलं. आता रजेवरून परतल्यावर भावाला आपला जबाब द्यायचा होता. दिसलं की नाही दिसलं.

"दिसलं म्हणून लिहिलं तर मलाबी तिकडंच पाठवतील. न्हाय म्हटलं तर तो एकटा पडतो."

"तुला दिसलं का?"

"दिसलं असं वाटतंय. वाटतंय यावर सही करू का मी? तू आकडा काढ. त्याचे कोन माझ्याजवळ लिहिलेले हायत, माझे मी सांगतो. जुळलं तर सही करतो. न्हाय जुळलं तर माझ्या डोळ्याचा दोष म्हणून सोडून देतो. तू सांगशील ते."

मी त्याला गच्चीवर नेलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "समोर बघ, तू विमानात हायस. डोळे मीट. आता दिव्याकडं हात कर." हाताची दिशा मी होकायंत्रावर घेतली. साठ अंश डावीकडे. त्याला हात खाली घ्यायला लावून, इकडचं तिकडचं बोलून, पुन्हा तेच करायला लावलं. एकोणसाठ. तिसऱ्यांदा एकसष्ट. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंश भरते. दिवा किती वर होता विचारलं तर त्याने अर्धी मूठ दाखवली, म्हणजे पाच अंश.

शेजारच्या गच्चीवर एक शेजारी मिरच्या वाळत घालत होते. ते ओरडले, "काय वो साहेब, जमिनी संपल्या काय? आता आभाळाची बी मोजणी काढलासा?"

"अर्ज आलाय," मी म्हटलं.

"मग आमचाबी घ्या की. आमच्या वाटणीचं आभाळ त्या टॉवरवाल्यानं खाल्लंय!"

भाऊ हसला. त्या दहा दिवसांत मी त्याला तेवढंच हसताना पाहिलं.

खाली येऊन मी आलेख कागद घेतला. सहकाऱ्याच्या अहवालात आडवा कोन बहात्तर अंश आणि उभा कोन साडेपाच अंश होता. तीन किलोमीटरची रेघ मारली. तिच्या दोन टोकांना दोन विमानं मांडली आणि दोघांच्या नजरेच्या रेघा ओढल्या. त्या एका ठिकाणी मिळाल्या. भावापासून पावणेचौदा किलोमीटर, सहकाऱ्यापासून साडेबारा. पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. समांतर नसलेल्या कुठल्याही दोन रेघा कुठेतरी मिळतातच. खरा ताळा उंचीचा होता. भावाच्या कोनावरून मी दिव्याची उंची काढली. विमानांच्या वर बाराशे मीटर. सहकाऱ्याच्या कोनावरून वेगळी काढली. बाराशे मीटर. चार-पाच मीटरचा फरक, तो धरण्यासारखा नाही.

मी पुन्हा सगळं केलं. मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून कोष्टकांवरून केलं. उत्तर तेच आलं. दोन माणसं, दोन विमानं, एकमेकांना न विचारता धरलेले कोन, आणि दोघांनी बोट दाखवलेली जागा एकच.

आपण कुठल्या मुलखावर उडत होतो ते भावाने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यामुळे माझ्या समोर असा एक नकाशा होता ज्याच्या खाली गाव नव्हतं, गट नंबर नव्हता, जमीनच नव्हती. फक्त एक त्रिकोण आणि त्याच्या टोकावर एक टिंब. मोजणी जुळली की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. तिथे काहीतरी होतं. काय होतं ते कोणीच सांगू शकणार नव्हतं, पण होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बायकोने हळूच विचारलं, "भाऊजींचं काय बिनसलंय?" मी थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "विमान काढून घेतलं तर ते काय करतील? दुसरं काय येतंय त्यांना?" तिने मला कुठला सल्ला दिला नाही. पुढचं सगळं माझं आहे.

सकाळी भाऊ चहाचा कप घेऊन समोर बसला. "निघालं काय?"

"जुळत न्हाय," मी म्हटलं. "तुझ्याकडनं उंची बाराशे मीटर येते, त्याच्याकडनं तीनशे. एकच वस्तू असती तर असं आलं नसतं."

तीनशे हा आकडा मी कुठून आणला ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून निघाला. भावाने कागद बघायला मागितलासुद्धा नाही. त्याने मान हलवली, चहा संपवला, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

त्याने जबाबात लिहिलं की त्याला स्पष्ट काही दिसलं नाही.

आमच्या कामात लगतच्या शेतकऱ्याला नोटीस जाते. तो हजर राहिला की हद्दीबद्दल त्याचा जबाब घ्यायचा असतो. चंदगडला होतो तेव्हा एका बांधावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. जुना दगड कुठे पुरलाय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. चालता चालता ते त्या जागेला वळसा घालून गेले, तेव्हाच मला कळलं. पण कागद पुढे केला तर म्हणाले, "आपल्याला काय ठाऊक न्हाय बघा. लिवा तुमाला काय लिवायचं ते." अशा माणसांचा मला राग यायचा. घरी येऊन बायकोजवळ मी त्यांना नावं ठेवत असे. त्या मे महिन्यानंतर ठेवली नाहीत.

सहकाऱ्याचं पुढे काय झालं ते भावाकडून तुटक तुटक कळत गेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. पण बरोबरच्या वैमानिकाला न दिसलेली गोष्ट याला दिसली, हे कागदावर राहिलं. तपासणाऱ्यांचं त्यात काही चुकलं नाही. त्यांच्यासमोर जे जबाब होते त्यांवरून त्यांनी ठरवलं. त्याला टेबलाचं काम मिळालं, आणि दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली.

भाऊ उडत राहिला. मला वाटलं, निदान एक वाचला.

मी स्वतः त्या दिवसापासून अंधार पडल्यावर गच्चीवर जायचं टाळतो. पाण्याची टाकी बघायला जावंच लागलं तर नजर टाकीवर ठेवतो. उजळाईवाडीच्या धावपट्टीकडे उतरणारं विमान असलं, त्याचे दिवे लुकलुकत असले, तरी ते लुकलुकतायत याची खात्री करूनच खाली येतो.

यंदा भाऊ निवृत्त होऊन कोल्हापूरला आला. महिनाभरात तो म्हणाला, "दादा, राजारामपुरीत डोळ्याच्या डॉक्टरांकडं जायचंय. थेंब घालतात, मग गाडी चालवता येत न्हाय. तू चल." मी गेलो. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मलाही आत बोलावलं.

"तुम्ही मोठे भाऊ ना? यांना जरा समजवा. डोळे उत्तम आहेत यांचे. दर रजेला येतात, गेली आठ-नऊ वर्षं. दर वेळी मी हेच सांगते आणि दर वेळी यांचा विश्वास बसत नाही."

मी भावाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होता.

बाहेर गॅलरीतल्या बाकावर बसल्यावर मी विचारलं, "दर रजेला?"

"तूच म्हटलावतास की, जुळत न्हाय. म्हणजे माझ्या डोळ्यानं मला फसवलं." तो शांतपणे बोलत होता. "त्यानंतर रात्री उतरताना धावपट्टीचे दिवे मोजायचो मी. हायत तेवढेच दिसतायत काय बघायला. चार वर्षांमागं रात्रीचं उडणं मीच मागून सोडलं. कुणाला सांगितलं न्हाय."

मोजणीचा तो कागद माझ्या पाकिटात होता. नऊ वर्षं पाकीट बदललं की तो नव्या पाकिटात ठेवत आलो होतो. मी तो काढून त्याच्या हातात दिला. त्याने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. थेंबांमुळे त्याला काही दिसेना.

"काय हाय? वाच."

मी वाचलं. साठ, बहात्तर. पावणेचौदा, साडेबारा. पाच अंश, बाराशे मीटर. साडेपाच अंश, बाराशे मीटर.

"परत वाच."

मी परत वाचलं. खालून रिक्षा जात होत्या, क्लासची पोरं वडापाव खात उभी होती. भावाच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळेच दिसत होते. ते माझ्याकडे लागले होते, पण मी त्याला किती दिसत होतो कोण जाणे.

"आणि तीनशे?"

"तीनशे न्हवतंच."

तो म्हणाला, "मी दुसऱ्या कुणालाबी विचारू शकलो असतो, दादा. आमच्यात काय हिशेब करणारी माणसं न्हाईत व्हय? तुला विचारलं, कारण तू बायकोला भाजीचा भावसुद्धा खोटा सांगत न्हाईस." तो उठला. मी दंड धरायला गेलो तर त्याने हात झटकला, आणि भिंत चाचपत स्वतःच जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो माझ्याकडे आला. सहकाऱ्याचा नंबर त्याने जुन्या ओळखीतून मिळवला होता. "मी लावतो. माझं मी बोलतो. तुझं तू बोलायचं." फोन स्पीकरवर ठेवला. संभाषण हिंदीत झालं, मी इथे मराठीत लिहितोय.

भावाने नाव सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "एक मिनिट, गॅस बंद करतो." परत आल्यावर तो अगदी सहज बोलायला लागला. तब्येत, मुलं, तिकडचं ऊन. भावाने त्याला मध्येच थांबवलं.

"त्या रात्री मला दिसलं होतं. तू विचारलंस तेव्हाच दिसत होतं."

पलीकडून तो म्हणाला, "हं." थोड्या वेळाने पुन्हा, "हं." भाऊ माफी मागायला लागला तर तो म्हणाला, "राहू दे. मी तर पुढे धरूनच चाललो होतो की तिथे काही नव्हतंच. ते एकदा धरलं की सोपं जातं. फक्त अंधारात एकट्याने गाडी चालवत नाही." मग विचारलं, "पण आज का?"

भावाने फोन माझ्यापुढे सरकवला. मी माझी ओळख सांगितली, आकडे सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. उंचीशी आल्यावर म्हणाला, "दोन्हीकडून बाराशे?" मी हो म्हटलं. "मग ते काय होतं?" मी म्हटलं, ते मला सांगता येत नाही, एवढंच सांगता येतं की ते तिथे होतं.

"माझ्या बायकोला सांगाल?" तो म्हणाला. "मी सांगितलं तर त्याला अर्थ नाही. ती सुरुवातीची दोन वर्षं जागी राहून माझ्यावर नजर ठेवायची. मी झोपलोय असं तिला वाटायचं."

फोन त्याच्या बायकोकडे गेला. मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. आवाजावरून बाई धीराच्या वाटल्या.

"तुम्ही तिथे होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"दोघांनी धरलेले कोन होते. मी मोजून काढलं."

"म्हणजे हे वेडे नव्हते."

"नव्हते."

"हे कधी मोजलंत तुम्ही?"

मला खरं सांगायचं होतं. मी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दुपारी.

नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी पंख्याची घरघर होती. मला वाटलं, आता शिव्या देतील, रडतील, निदान फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. मलाही ठेवता येईना. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. शेवटी तोच वळला, आणि माझ्याकडे न बघता त्याने फोन बंद केला.