नलिनीबाईंच्या आठ दिवल्या

आमच्या नलिनीबाई स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, त्यामुळे ते काम आम्हा बाकीच्यांवर पडतं. डिचोलीत त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की चहा येईपर्यंत एक किस्सा होतो आणि चहा निवेपर्यंत आणखी तीन. मी ते लिहून ठेवतेय, कारण मला विसरायची भीती वाटते. तशी मला बहुतेक गोष्टींची वाटते.

बाई दिवली नाच शिकवतात. डोक्यावर पितळी दिवा घ्यायचा आणि हात न लावता नाचायचं. क्लास देवळाच्या मंडपात, संध्याकाळी. ध्यास एकच: आपल्या पोरी परदेशातल्या स्पर्धेत उभ्या राहिलेल्या एकदा डोळ्यांनी बघायच्या. कितीतरी वर्षं अर्ज केल्यावर शेवटी बँकॉकचं बोलावणं आलं. आठ मुली आणि सोबत दोन मोठी माणसं.

*

आधी मीही नाचायचे. माझा दिवा तीनदा पडला. एकदा ट्रकच्या हॉर्नला, एकदा शेजारच्या कुकरच्या शिटीला. तिसऱ्यांदा काहीच वाजलं नव्हतं. आता काहीतरी वाजेल या धास्तीनंच पडला.

बाईंनी दिवा उचलला, त्याला आलेला पोचा अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाल्या, "तुझं डोकं आपण लिहायला वापरूया."

तेव्हापासून फॉर्म, ईमेल, पासपोर्ट, व्हिसा, सगळं माझ्याकडे.

*

परदेशातलं स्टेज कसं असेल कोण जाणे, म्हणून बाईंनी मुलींना केरीच्या धक्क्यावर नेलं. तिथून तेरेखोलला फेरीबोट जाते. मुली डोक्यावर न पेटवलेले दिवे घेऊन बोटीत उभ्या. पलीकडे पोचल्या, उतरल्या नाहीत, तशाच परत. असं चार वेळा. बोटीवरच्या माणसानं विचारलं, तुम्हाला जायचंय तरी कुठं? बाई म्हणाल्या, कुठंच नाही.

पाचव्या खेपेला त्या बिचाऱ्याला दया आली. त्यानं बोट इतकी अलगद लावली की एकही दिवा हलला नाही. मी त्याचे आभार मानणार, तोवर बाई त्याच्यावर उखडल्या.

"अशी हळू लावलीस तर माझ्या पोरी शिकतील कशा?"

*

मग आयोजकांचा ईमेल आला: स्टेजवर ज्योत चालणार नाही. तो बाईंना वाचून दाखवायचा धीर यायला मला दोन दिवस लागले.

बाई म्हणाल्या, बॅटरीचे दिवे मागव. ते आले प्लास्टिकचे, कागदासारखे हलके. मुलींच्या माना लगेच सैल पडल्या. आमच्यातल्या सियाचे वडील इथल्याच खाणीवर ट्रक चालवतात. बाईंनी त्यांच्याकडून पिशवीभर खनिजाचे खडे आणवले आणि प्रत्येक दिव्याच्या पोकळ बुडात ठासून भरले. माना पुन्हा ताठ.

पुढे मोपाच्या विमानतळावर तपासणीच्या माणसानं त्यातला एक दिवा उचलला. त्याचा हात खाली गेला. आत काय आहे, असं त्यानं मला विचारलं. भीतीनं माझ्या तोंडून निघाला तो एकच शब्द.

"डिचोली."

*

सिया नाचात मधे उभी राहणारी मुलगी. बाकीच्या सातजणी तिच्या पायावर ताल धरतात. ती नसेल तर नाच नाही.

तिची आई रोज तिला न्यायला यायची, पण मंडपात पाऊल टाकायची नाही. बाहेर पिंपळाखाली पाठ करून उभी. नाच बघायला वेळ कुणाला आहे, म्हणायची. संमतीपत्रावर सही घ्यायला बाई आणि मी तिच्या घरी गेलो, तेव्हा तिनं चहा दिला, बिस्किटं दिली आणि कागद परत दिला.

"माझा चेडू एकट्यान इतक्या लांब जावचा नाय. मी बरोबर आसलंय तरच."

मोठ्या माणसांच्या जागा दोनच. बाईंची आणि माझी. मला विमानाची भीती, त्यामुळे मी लगेच उदार झाले. माझी जागा घ्या, म्हटलं. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तिथं इंग्रजीत कोण बोलणार?" म्हणाल्या. मग सियाच्या आईला म्हणाल्या, "तू जा. माझ्या जागी."

परतताना मी स्कूटर चालवत होते, बाई मागे. मी विचारलं, बाई, तुम्हाला बघायचं होतं ना?

"समोर बघ," बाई म्हणाल्या. "गाय आहे."

*

बँकॉकला आमचा तिसरा नंबर आला. पण तो निकाल संध्याकाळचा, आणि हा किस्सा त्याच्या आधीचा.

नाच संपला. एकही दिवा पडला नाही. टाळ्या ओसरताच मी हॉलच्या कडेला जाऊन बाईंना फोन लावला. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला. नाच कसा झाला, हे त्यांनी विचारलं नाही.

"सियाची आई काय करतेय?"

मी वळून बघितलं. मुली डोक्यावर दिवे तसेच ठेवून ओळीनं पडद्याआड चालल्या होत्या. लोक उठून बाहेर निघाले होते. तिसऱ्या रांगेत ती एकटीच बसलेली. पाठ खुर्चीला टेकलेली नाही, दोन्ही हात मांडीवर, मान सरळ. मी जवळ गेले. मावशी, बाईंचा फोन आहे, म्हटलं.

तिनं मान वळवली नाही. ओठ तेवढे हलले.

"थांब गो. तिचो दिवो अजून उतरूक नाय."