लिंबाभोवतीच्या चार तोट्या

धुकं सकाळ झाली तरी जायचं नाव घेत नव्हतं. परसातली वाळत घालायची तार, बादली, लिंबाचं झाड, सगळं कच्च्या टाक्यांनी जोडल्यासारखं हलकं दिसत होतं. शिवणकाम करणाऱ्या बाई ठिबकच्या तोटीखाली वाटी धरून उकिडव्या बसल्या होत्या. थेंब पडे, वाटीत वर्तुळ उमटे आणि बाईंचे डोळे मिटत.

"पाणी मोजतेयस की झोप काढतेयस?" दारातून नवरा म्हणाला.

उद्या बाईंना लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं, महिनाभर. लेकीच्या जन्माला लावलेलं हे लिंबू मात्र आठवडाभर पिवळं पडत चाललं होतं.

"घालीन की मी पाणी."

"तुमच्या भरवशावर मी निवडुंगही ठेवणार नाही."

म्हणूनच नळाला आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ बसवलं होतं. रोपवाटिकेतल्या माळ्याचा हिशेब सोपा होता: झाडाला रोज आठ लिटर, तोट्या चार, एकेकीतून तासाला दोन लिटर. म्हणजे एक तास. बाईंनी लावले दोन. पानं पिवळी पडली, तशी तीन.

"तासाचे तीन कसे गं झाले?"

"असू दे जरा जास्तीचं."

जन्मभर प्रत्येक कपड्यात त्यांनी दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. पोर वाढतं, माणूस सुटतं. उसवलं की झालं.

"अगं, झाड काय पाणी आत दुमडून ठेवतं?"

बाईंनी बुंध्याजवळ बोट खुपसलं. मनगटापर्यंत हात चिखलात गेला. कुबट वास आला. तहान समजून आपण त्याला बुडवतच होतो की! मातीखालच्या अंधारात गुंतलेल्या धाग्यांसारखी भिजत पडलेली मुळं त्यांच्या डोळ्यांपुढे आली, कुणी सोडवायची वाट बघत.

"चार दिवस बंद," त्या हळूच म्हणाल्या. "मग तुम्ही चालू करा. एकच तास."

"मी? निवडुंगवाला?"

"बोट खुपसून बघा आधी. ओलं लागलं तर थांबा."

त्यानं तिथल्या तिथे बोट खुपसलं आणि तोंड वाकडं केलं. बाई हसल्या, त्यांनी घड्याळ बंद केलं. थेंब लांबत लांबत थांबले.

मग हात धुऊन त्या मशीनपाशी बसल्या. नातवंडाच्या झबल्याची कड दुमडली, चांगली दोन बोटं, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.