न मरणारं संत्र्याचं झाड

फोटो आला तेव्हा ग्रुपवर मरणाची चर्चा चालली होती.

डिसेंबरातला रविवार. दुपारचं जेवण उरकून मी अमरावतीच्या घरी गच्चीवर उन्हात फोन घेऊन बसले होते. ग्रुप संत्रा बागायतदारांचा. मी झाडांच्या रोगांची डॉक्टर. शहरात माझी छोटी लॅब आहे. लोक पानं, मुळं, माती घेऊन येतात, मी तपासून रिपोर्ट देते. म्हणून मला ग्रुपवर घेतलेलं. एरवी तिथे भाव, फवारे आणि पाण्याचे टँकर यांच्यावर बोलणं असतं. पण रविवारी अकोल्याचे देशमुख सर मोकळे असतात. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. संत्र्याचं एकही झाड त्यांच्याकडे नाही, तरी ग्रुपवर सर्वांत जास्त तेच लिहितात.

सरांनी लिहिलं होतं, "पुढेमागे माणसाचं मन मशीनमध्ये उतरवून ठेवता येईल म्हणतात. शरीर जाईल, माणूस राहील. अमर!"

लगेच कोणीतरी विचारलं, "अन् सर, मशीनची लाइट गेली तं?"

दुसऱ्याने लिहिलं, "अमर होऊ हो, पन मशीन आपल्याले ठेवीन काय? थे आपल्याहून हुशार झालं का आपलं काम संपलं."

"धोका तोच आहे," सर म्हणाले. "मशीनला वाईट हेतू लागत नाही. त्याला चुकीचं काम दिलं तरी पुरतं. ते इमानदारीने करत सुटेल."

हसण्याचे पिवळे चेहरे पडले. मग पुरुषोत्तमभाऊ आले. मोर्शीकडे त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. साठीचा माणूस, शब्दाचा पक्का. त्या भागात त्यांचं कलम म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात.

"सर, अमर पाहाचं असन तं मोर्शीले या," भाऊंनी लिहिलं. "माह्या आज्यानं लावलेलं झाड अजून फळं देऊन राहिलं. आज्याचं खोड पडलं, तं बापानं त्याचे डोळे बांधून दुसरं केलं. थे म्हातारं झालं, तं मी तिसरं केलं. झाड तेच, फक्त आंग बदलते."

हे खरं आहे. संत्र्याच्या बागेसाठी रोप सहसा बी लावून करत नाहीत. जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचं रोप वाढवतात. त्याला खुंट म्हणतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक कोंब सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवतात आणि पट्टीने बांधतात. त्या कोंबाला डोळा म्हणतात. वर जे झाड वाढतं ते जुन्याचं पोर नसतं. ते जुनंच झाड असतं, नव्या पायांवर उभं. ज्या झाडाचे डोळे घेतात ते मातृवृक्ष.

भाऊ पुढे म्हणाले, "अन् मशीनले भ्याचं काय काम? माह्या मोबाइलातलं अ‍ॅप पान पाहून रोग सांगते. हे पाहा. आज्याच्या झाडाचं पान. जस्त कमी हाये म्हने. फवारलं. उद्यापासून बांधनी. सहा हजार खुंट तयार हायेत, सगळे याच झाडावर करून राहिलो."

खाली पानाचा फोटो आणि अ‍ॅपच्या उत्तराचा स्क्रीनशॉट. 'जस्ताची कमतरता.' खाली फवाऱ्याचं प्रमाण.

मी फोटो मोठा केला.

जस्त कमी पडलं की पान शिरांच्या मधे पिवळं होतं. पण मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखं होतं. पान मधोमध दुमडलं तर डाग डागावर बसतो. या पानाची डावी बाजू खाली पिवळी होती, उजवी वर. काही केल्या जुळत नव्हतं. असा विस्कटलेला पिवळेपणा दिसला की मला एकच नाव आठवतं. ग्रीनिंग. हा जिवाणूंचा रोग झाडाच्या अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत बसतो. फळं खुरटतात आणि झाड काही वर्षांत खलास होतं. औषध फवारून तो जात नाही. आणि तो डोळ्यातून नव्या कलमात जातो.

मी फोन लावला.

"भाऊ, उद्याची बांधणी थांबवा."

"काहून?"

"पान जस्ताचं दिसत नाही मला. ग्रीनिंगची शंका आहे."

"मॅडम, अ‍ॅप जस्त म्हन्ते. बरं, अ‍ॅपचं सोडा. मांगच्या साली तुमीच जस्त म्हनलं होतं."

"मी? कधी?"

"याच झाडाचं पान पाठवलं होतं तुमाले. पाहा तुमच्या मोबाइलात."

मी पाहिलं. होतं. अकोल्यात भाच्याच्या लग्नात होते तेव्हाचा मेसेज. एका पानाचा फोटो, कडक उन्हात काढलेला. खाली माझं उत्तर: "झिंक वाटतंय. फवारून बघा." वरातीत उभ्याउभ्या लिहिलेलं. आता तोच फोटो मोठा केला तर खालच्या कोपऱ्यात एका बाजूचा डाग दिसत होता. तेव्हा मी मोठा केला नव्हता.

 

"भाऊ, तेव्हा मी चुकले असेन. मागच्या वर्षी या झाडाचे डोळे घेतले होते का?"

"घेतले ना. ऐंशीक. तुमी सांगतलं काही नाही म्हनून घेतले. पावसायात लोकायले रोपं गेले थे."

"मी निघते. तासा-दीड तासात पोचते."

"आता? रविवारी?"

"हो. आणि त्या झाडाला हात लावू देऊ नका कोणाला."

सॅम्पलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, कात्री आणि स्पिरिट घेऊन मी गाडी काढली. वाटेत एकच हिशेब डोक्यात चालू होता. मशीन काय किंवा कलम काय, दोन्ही नक्कल करतात. नक्कल करताना बरं-वाईट निवडत नाहीत. झाड अमर झालं तर त्याचा रोगही होतो. सहा हजार कलमं म्हणजे मोर्शी आणि चांदूर बाजारकडच्या किती बागा! लावल्यावर चार-पाच वर्षं काही कळत नाही. कळतं तेव्हा बाग उभी झालेली असते.

पोचले तेव्हा चार वाजले होते. भाऊ झाडाखाली हाताची घडी घालून उभे. शेजारी त्यांची सून नंदा. तिने शेतीची पदविका केली आहे, नर्सरीचं रजिस्टर तीच ठेवते. कोणत्या झाडाचे डोळे कोणत्या वाफ्यात गेले, सगळं तिच्या वहीत.

झाड लांबून छान दिसत होतं. फळंही बरीच. मी उत्तरेच्या बाजूला गेले. एक फांदी पिवळट होती, बाकीचं झाड हिरवंगार. ही दुसरी खूण. जस्ताची कमतरता एका फांदीवर अशी वेगळी बसत नाही. त्या फांदीचं एक फळ तोडून देठापासून खाली उभं कापलं. फळ एका अंगाला कललेलं. मधला पांढरा दांडा वाकडा. बिया बारीक, काळ्या पडलेल्या.

"हे पाहा, भाऊ."

भाऊंनी फळ हातात घेतलं. बराच वेळ उलटसुलट पाहिलं.

"एखादं फळ राह्यते असं."

"राहतं. म्हणूनच टेस्ट करू. करोनात नाकात काडी घालून करायचे ना, तीच पद्धत. पानाच्या शिरेत जिवाणू आहे की नाही ते कळतं. मंगळवारी रिपोर्ट देते."

"मंगळवार?" भाऊंचा आवाज चढला. "सकाऊन आठ बांधनारे येऊन राहिले. आज खुंटाची साल सुटते, डोळा आत बसते. थंडी वाढली का सुटत नाही, मंग महिनाभर बसा. तुमच्या रिपोर्टात रोग नाई निंघाला तं माहा हंगाम फुकट गेला. भरून देता काय तुमी?"

"नाही देऊ शकत."

"मंग?"

"मग काय सांगू, भाऊ? मागच्या वर्षी बिनतपासणीचं सांगितलं, ते पुन्हा नाही करणार."

भाऊ तोंड फिरवून उभे राहिले. तेवढा वेळ नंदा झाडाभोवती फिरत होती. तिने चारही बाजूंची पानं तोडून आणली, पाटीवर मांडली आणि एकेकाचा फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाकत बसली. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. दक्षिणेच्या पानाला अ‍ॅप म्हणालं, निरोगी. पूर्वेच्या पानाला जस्त. उत्तरेच्या फांदीचं पान टाकलं तर म्हणालं, 'ग्रीनिंगची शक्यता. प्रयोगशाळेत तपासा.'

नंदाने मोबाइल सासऱ्यांसमोर धरला.

"मामाजी, मशीन खोटं नाही बोललं. आपनच त्याले एक पान दाखवलं अन् झाडाचं विचारलं."

भाऊंनी पाटीवरचं उत्तरेचं पान उचललं.  मीही एकच पान पाहिलं होतं, आणि मला तर झाडाकडे चालत जाता येत होतं.

"तुहं काय म्हननं हाये?" भाऊंनी तिला विचारलं.

"दोन दिवस थांबू. हंगाम एक गेला तं दुसरा येते. नाव गेलं तं येत नाही."

भाऊंनी मोबाइल काढला आणि बांधणाऱ्यांच्या मुकादमाला फोन लावला. "बुधवारी या," म्हणाले आणि ठेवून दिला. कारण सांगितलं नाही.

मी आज्याच्या झाडाच्या चार बाजूंची सॅम्पल घेतली. दर फांदीनंतर कात्री स्पिरिटने पुसली, कारण कात्रीवरून दुसरे रोगही पसरतात. नर्सरीत आणखी पाच मातृवृक्ष होते, ते निराळ्या जुन्या झाडांवरून केलेले. त्यांचीही घेतली.

सोमवारी लॅबमध्ये दुसरं काही केलं नाही. मंगळवारी दुपारी मशीनच्या पडद्यावर रेषा चढायला लागल्या. आज्याच्या झाडाची उत्तरेची फांदी पॉझिटिव्ह. पूर्वेची पॉझिटिव्ह. उरलेल्या दोन बाजू निगेटिव्ह, पण त्याला अर्थ नव्हता. रोग झाडात सगळीकडे सारखा पसरत नाही, म्हणूनच तो फसवतो. खात्रीसाठी पुन्हा टेस्ट लावली. तेच. बाकी पाचही झाडं स्वच्छ निघाली.

फोनवर मी सरळ सांगितलं.

"आज्याचं झाड गेलं, भाऊ. काढावं लागेल. उभं ठेवलं तर रस शोषणारी कीड रोग बाकीच्यांवर नेईल. त्या पाच झाडांचे डोळे उद्यापासून बांधा. थोडे थोडे घ्यावे लागतील, पण ती झाडं चांगली आहेत."

 भाऊंनी विचारलं, "अन् थे ऐंशी?"

"ते शोधावे लागतील."

"नंदाजवळ नावं हायेत."

मला वाटलं ते एकेकाला हळूच फोन करतील. मीही माझ्या चुकीचं ग्रुपवर कसं लिहायचं ते जुळवत होते. तासाभराने फोन वाजला. ग्रुपवर भाऊंचा मेसेज होता.

"मांगच्या साली बांधलेले आज्याच्या झाडाचे ऐंशी रोपं माह्या नर्सरीतून गेले. झाडाले ग्रीनिंग निंघाली. ज्याच्या ज्याच्याकडे हायेत त्याचे नावं खाली देतो. रोपं तपासून घ्या. खराब निंघालं तं उपटा, मी दुसरं देतो. चूक माही."

त्याखाली मी लिहिलं, "चूक आधी माझी. एका फोटोवरून मी जस्त सांगितलं. ही रोपं माझी लॅब तपासेल."

दहा मिनिटांत चांदूर बाजारच्या एका बागायतदाराचा फोन आला. पंचवीस रोपं त्याच्याकडे होती. त्याने मला आणि भाऊंना जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "पानं कधी आणता?" म्हणाला, "उद्या." आणि दुसऱ्या दिवशी खरंच पिशवी घेऊन लॅबच्या दारात हजर.

ऐंशीपैकी एकोणीस रोपं पॉझिटिव्ह निघाली. सगळी उपटली, जाळली. भाऊंनी बदली रोपं नंदाच्या वहीतल्या नावांप्रमाणे पोचवली. भाऊंच्या नर्सरीवर त्या वर्षी गर्दी कमी होईल असं मला वाटलं होतं. उलट लोक आले. येताना एकच विचारायचे, "रिपोर्ट दाखवा." नंदाने रिपोर्ट लॅमिनेट करून फाटकावर लावले.

देशमुख सरांनी मला खासगीत विचारलं, "मग मशीनवर भरवसा ठेवावा की नाही?"

मी लिहिलं, "ठेवा. पण नक्कल होणारी गोष्ट असेल तर पहिली प्रत तपासून घ्या. आणि तपासणाऱ्यालाही विचारा, किती पानं पाहिली."

तेव्हापासून माझ्या लॅबचा नियम एकच. फोटोवर मत नाही. मंत्र्याचा फोन आला तरी चारही बाजूंची पानं आणा. लोक कुरकुरतात. आणतात.

आज्याचं झाड काढण्याआधी मी त्याचे कोवळे शेंडे घेतले होते. शेंड्याच्या अगदी टोकाशी, नुसत्या नजरेला नीट दिसणार नाही एवढ्या भागात, रोग सहसा पोचलेला नसतो. ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापायचं आणि काचेच्या नळीतल्या इवल्या खुंटावर बसवायचं. चाळीस बसवले. सदतीस मेले. उरलेल्या तीनपैकी दोन रोपं पुढे वाढली, तपासली, स्वच्छ निघाली.

ती वीतभर झाली तेव्हा भाऊ लॅबच्या जाळीघरात आले. चष्मा लावून बराच वेळ बसून राहिले. एका पानाला बोट लावलं.

"हेच काय थे?"

"हेच."

"फळ कधी धरीन?"

"नीट वाढलं तर सहा-सात वर्षं."

भाऊंनी मनाशी हिशेब केला. सत्तरीच्या पुढचा काहीतरी आकडा आला असावा. चष्मा काढून खिशात ठेवला.

"मी असो का नसो," ते म्हणाले, "पानी टायमावर देजा."