शिकारीहून आलेला माणूस
आज सकाळी बायकोने नोकरीच्या मुलाखतीला जायच्या तिच्या कुर्त्याला इस्त्री केली आणि त्या गरम वासाने मला जुने दिवस आठवले. माझी नोकरी गेली त्या उन्हाळ्यात मी असाच शर्टाला इस्त्री करून वाघोलीहून खराडीला मुलाखतींना जायचो. घरात स्वस्थ बसवत नसे. फोन पालथा ठेवायचा, लगेच पुन्हा उचलायचा. “काय चाललंय तुझं?” वडिलांनी एकदा विचारलं. “जॉब हंटिंग,” मी तुटकपणे म्हणालो. “म्हंजी?” “नोकरीची शिकार.” ते हसले नाहीत. आता सोसायट्या उभ्या आहेत त्याच माळावर ते तरुणपणी सशांमागे हिंडलेले. त्या संध्याकाळी मी घरी आलो, तर आईने दारातच विचारलं, “काय झालं रे?” वडील तिच्यावर खेकसले, “शिकारीहून आलेल्याला इचारायचं नसतं. घावलं असंल तर दिसतंच की! आधी पाणी दे त्याला.” त्यानंतर मला कोणीच काही विचारलं नाही. वडील तेवढे मी आलो की अंगणात जाऊन येरझाऱ्या घालायचे, आणि मला वाटायचं, यांना काही पडलेलंच नाही. मघाशी बायको मुलाखतीहून परतली. मी तिला पाणी दिलं आणि काही न विचारता गॅलरीत आलो. तेव्हापासून इथे नुसत्या येरझाऱ्या घालतोय.