बर दुबईतली वाऱ्याची घरं

आईवडील वीटभट्टीवर मजुरी करायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड भट्टीवर, पाऊस जवळ आला की परत गावी. हजारो विटा त्यांच्या हातून गेल्या, पण आमच्या घराच्या भिंती कुडाच्याच. सिमेंटचा गिलावा म्हणजे पैसेवाल्यांचं घर, एवढं मला लहानपणीच कळलं होतं. घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. सिव्हिलची पदवी घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तीन महिन्यांच्या व्हिसावर दुबई गाठली. कंत्राटदार कंपनीची अट होती: जुन्या घराची एक भिंत नमुना म्हणून दुरुस्त करायची. ती पास झाली तर नोकरी, नाहीतर परतीचं विमान.

पहिल्याच सकाळी अब्रातून (लाकडी होडीतून) खाडी ओलांडली आणि समोर, बर दुबईच्या काठावर, ती घरं दिसली. एका ओळीत पाच, एकमेकांना खेटून उभी. प्रत्येकाच्या डोक्यावर बरजील (चारी बाजूंचा वारा पकडून खाली आणणारा मनोरा). मधला सिक्का (बोळ) इतका अरुंद की दुपारीही सावली. बरजीलखाली उभा राहिलो तर मानेवर गार झुळूक आली. पंखा नाही, वीज नाही. बांधणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या, भोकाभोकांच्या. त्यावर मी सिमेंटचा गिलावा सांगितला. रत्नागिरीकडचे वयस्कर गवंडी इस्माईलचाचा थापी धरून थांबले.

"साहेब, हितं चुना आणि जिप्सम लावतात."

"चाचा, मला पक्कं काम पाहिजे."

"करतो पक्कं. इंजिनीअर तुम्ही."

तीन आठवड्यांत गिलावा फुगला. टिचकी मारली की पोकळ वाजायचा, मागून मीठ गळायचं. जेवायची सुट्टी झाली तरी मी भिंतच ठोकून बघत होतो. चाचांनी खुबूस (तिथली रोटी) आणि डाळ पुढे सरकवली.

"खा आधी. दगड समुद्रातला. त्याला ओल सोडायला वाट लागते. तुम्ही रेनकोट चढवलात."

"मग अडवलं का नाहीत?"

"बोललो होतो की. तुमच्या डिग्रीला ऐकू नाही आलं."

सुपरवायझरपुढे चूक कबूल केली. तो म्हणाला, "दस दिन. फिर खलास."

सगळं सिमेंट खरवडून काढलं. चाचा सांगतील तसा चुना-जिप्समचा हात मी स्वतः दिला. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने भिंतीवरून तळवा फिरवला.

"किसने सिखाया?"

मी चाचांकडे बोट दाखवलं.

"यल्ला (चला), बाकी घर भी ऐसे ही."

दोन वर्षांनी सुट्टीवर घरी आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, तिकडे काय शिकलास. म्हटलं, भिंत कशाची आहे ते आधी विचारायला. तोवर ओळीतली पाचही घरं आम्ही तशीच दुरुस्त केली होती. माझी नोकरी कायम झाली होती, आणि कामाच्या कागदावर माझ्या नावाच्या वर इस्माईलचाचांचं नाव लागलं होतं.