चौघांच्या वाटणीचा डबा

आमच्या घरात तिखट कमी असायचं ते बबनरावांमुळे. बबनरावांना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. ते माझ्या वडिलांच्या, आबांच्या, कंपनीत लेथ मशीनवर होते, त्यांना पोटात अल्सर होता आणि दुपारी ते आबांच्या डब्यातलं खायचे, एवढंच ठाऊक. माझी आई कस्तुरा बार्शीकडची. तिकडं मिरचीशिवाय घास उतरत नाही. पण या बाईनं कुठल्या परक्याच्या पोटासाठी हात आखडता घेतला आणि आम्हा पोरांना वर्षानुवर्षं मिळमिळीत कालवण गिळायला लावलं. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "तुला काय हुतंय? त्या मानसाच्या पोटात आग पडती."

गावाकडं आई लग्नाघरी लाकडं फोडायला जायची. पंगती उठल्यावर उरलंसुरलं लांबून पदरात पडायचं. तिच्या चुलीवरच्या आमटीचा वास वेशीपर्यंत जायचा म्हणे, पण वासापलीकडं गावातल्या कुणी तिच्या घरचं काही घेतलं नाही. बौद्ध झालो, देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले, तरी गाव होतं तिथंच होतं. सहासष्ट साली आबांना चिंचवडच्या एका कंपनीत काम लागलं आणि आम्ही स्टेशनामागच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत आलो. शेजारी मद्रासी, पलीकडे कोकणातले, समोर उत्तरेकडचा भय्या. आबा छाती काढून सांगायचे, "हितं जात न्हाई. हितं टोकन नंबर आसतुया." आईचा त्यावर विश्वास बसला. माझाही बसला होता, खोटं कशाला बोलू.

कामाला लागल्यावर दुसऱ्या दिवशी आबा घरी आले आणि म्हणाले, "डबा पुरला न्हाई. बबनराव, उद्धवराव आन कोंडीराम, तिघांनीबी घेतलं." आई चुलीपुढं बसली होती, ती उठूनच उभी राहिली. बबनराव मावळातल्या पाटलाच्या घरातले होते. पाटलाच्या घरचा माणूस तिच्या हातचं खातो, हे तिनं मला त्या आठवड्यात इतक्यांदा सांगितलं की मला त्याचा वीट आला.

मग चार पुडांचा पितळी डबा आला. आई पहाटे उठून चौघांचा स्वयंपाक करायची. आबा परतले की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायची, "काय म्हनली मंडळी?" आणि आबा सांगायचे. उद्धवरावांना मेथी आवडली. बबनरावांना तिखट सोसत नाही, अल्सर आहे. कोंडीराम शेंगाची चटणी खाताना म्हणाला, आई गेल्यापासून अशी चटणी तोंडात पडली नव्हती. आईनं डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून कोंडीरामाची चटणी वेगळ्या पुडीत जायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो, परदेशी ज्वारी, आली. आम्ही पोरांनी मिलोच्या भाकरी चावल्या, आणि होती नव्हती ती शाळू ज्वारी डब्यात गेली. मी त्या तिघांना मनातल्या मनात लाख शिव्या दिल्या.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची. घरच्यांनीही यावं, असं सगळ्यांना सांगणं असे. आबा दरवर्षी काहीतरी सबब काढायचे. एकदा साहेब येणार नाहीत, एकदा पूजा आटपली. चौऱ्याहत्तरला आईनं त्यांना विचारलंच नाही. शेंगापोळ्या केल्या, पितळी डबा भरला, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि मला घेऊन चालत कंपनीवर गेली. मी अकरा वर्षांची होते.

मशीनना झेंडूच्या माळा घातलेल्या, ऑइलचा आणि उदबत्तीचा वास एक झालेला. आम्हाला बघून आबांचा चेहरा उतरला. आई त्यांच्याकडं बघतच नव्हती. तिनं विचारून विचारून लेथ गाठला आणि हात जोडले.

"बबनभाऊजी, मी भीमराजांची मंडळी. घ्या. गोड हाय, तुमच्या पोटाला बाधायचं न्हाई."

"माज्या पोटाला काय झालंय वयनी?" बबनराव हसले. "दगड पचवतो मी." मग त्यांची नजर डब्यावर गेली. हसू तसंच राहिलं, पण हात मागं गेले. "आज उपास हाय न्हाई का. नवरात्र."

उद्धवरावांचेही नऊ दिवस कडक होते. कोंडीरामाची दाढ दुखत होती. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. सगळे तिला वहिनी म्हणाले, मला पुढं शिकवा म्हणाले, पोर हुशार दिसते म्हणाले. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. आई डबा उघडा धरून उभी राहिली. तेवढ्यात कंपनीचे लोक पोह्यांचा चिवडा वाटायला आले. बबनरावांनी मूठभर घेतला. उद्धवरावांनी कागदावर घेतला. कोंडीरामानं दुखऱ्या दाढेनं त्यातले शेंगदाणे चावले. चिवडा उपासाला चालत नाही हे आम्हालाही कळत होतं. गावात आम्ही उपासवाल्यांची अंगणंच झाडली होती.

एक सडपातळ माणूस ग्राइंडिंगच्या मशीनकडून हात पुसत आला. "सलाम भाभी, मी रहिमान," म्हणाला. विचारायच्या आत त्यानं पोळी उचलली आणि उभ्यानंच खाल्ली. मग दुसरी घेतली.

"भाभी, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. माझ्या अल्सरसाठी तुम्ही इतकी वर्षं कालवणात तिखट घातलं नाहीत. भीमराजभाऊ सांगतात मला. आणि ती चटणी. आमची अम्मी गेल्यावर तशी चटणी कुठं खाल्ली नाही बघा."

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग आबांकडं बघितलं. आबा मशीनवरची माळ नीट करत होते, ती नीटच होती. आईनं डबा बंद केला आणि सगळाच्या सगळा रहिमानचाचांच्या हातात दिला. म्हणाली, "घरी न्या भाऊ. पोराबाळांस्नी द्या."

आबांनी यातलं पुढं कधी काही सांगितलं नाही. मला ते मोठी झाल्यावर रहिमानचाचांनी सांगितलं. पहिल्या दिवशी आबा टेबलावर सगळ्यांत बसले होते. बबनरावांनी गाव विचारलं, मग आडनाव, मग गावात घर कुठल्या अंगाला ते. दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर जागा नव्हती. रोज कुणीतरी यायचं असायचं. रहिमानचाचा आधीपासूनच ग्राइंडिंगमागं खोक्यावर बसून खायचे, ते थोडे सरकले. आबा घरी येऊन पहिलं खोटं बोलले ते त्या संध्याकाळी. मग चौघांचा डबा दोघं संपवायचे. उरलं की गेटवरच्या कुत्र्यांना. आमची शाळूची भाकरी त्या कुत्र्यांनी खाल्ली. एकाच मशीनचं तेल सगळ्यांच्या हाताला लागायचं, त्याचा कुणाला विटाळ नव्हता.

त्या खंडेनवमीला पूजेवरून परतताना रेल्वेच्या फाटकापाशी आबा म्हणाले, "उपास हुता त्यांचा."

"व्हय," आई म्हणाली.

एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी डब्याचे दोनच पूड भरले, एक आबांचा, एक रहिमानचाचांचा. तिखट कमीच राहिलं. पण आई चव घेऊन बघेनाशी झाली. कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. आम्ही मुकाट्यानं खायचो. आबा दोन-चार दिवस सवयीनं म्हणाले, "आज उद्धवराव म्हनत हुते..." आई तांब्या ठेवून आत जायची. मग तेही थांबले. माझ्या आईला आयुष्यात एकच गोष्ट मिळाली होती, आणि ती मिळालीच नव्हती. याचा विचार केला की अजूनही माझं डोकं फिरतं. कुणावर फिरवायचं ते मात्र कळत नाही.

ब्याऐंशी साली मला पिंपरीच्या एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. निघताना आईनं डबा दिला, एका माणसापुरता. ऑफिसात आम्ही पाच बायका. जेवताना एकीनं माझं आडनाव पुन्हा विचारलं. मी वांग्याची भाजी पुढं केली तर म्हणाली, "अगंबाई, माझा गुरुवार आहे." दुसरीचंही पोट बरं नव्हतं. त्या दिवशी सोमवार होता. मी सगळं एकटीनं खाल्लं. वांगी अळणी होती, तरी खाल्लं.

बसमध्ये मी आईला सांगायचं सगळं जुळवत आले. एकीनं दोनदा मागून घेतलं. दुसरीनं कसं केलं ते विचारलं. दारात येईपर्यंत त्यांचे आवाजसुद्धा माझ्या डोक्यात तयार होते.

आईनं माझ्या हातातून डबा घेतला. मला पाणी दिलं. मोरीत डबा विसळला आणि फळीवर पालथा घातला. मी तांब्या धरून बसून राहिले. तिनं विचारलं नाही.