शेजाऱ्याचा डावा गाल

बहात्तरच्या दुष्काळानंतर शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी गिरणीतला एक फार मवाळ माणूस राहायचा. त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा हात लकव्यानं गेला होता. पाळीवरून आला की त्यांची आंघोळ, भरवणं, धुणं सगळं तोच करी. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मात्र वडील करत नसत. राग आला तरच तो हात जरासा हलायचा. म्हणून हा त्यांना रोज शिव्या द्यायचा.

एकदा मान खाली घालून मला म्हणाला, "मास्तर, माझ्या शिव्या संपल्या. एखादी नवी सांगा की."

मीही ओशाळत एक सांगितली.

दुसऱ्या दिवशी तो धावत आला आणि डावा गाल माझ्यापुढं केला. डोळे भरून आले होते.

"अण्णांनी उजव्या हातानं मारलं. पाची बोटं उठल्यात का, तेवढं बघा की."